थर्मल पेस्ट खराब होते म्हणजे नेमकं काय होतं

तुमचा लॅपटॉप चार वर्षांचा आहे, धूळ काढूनही गेम सुरू केल्याबरोबर ९६ अंश दाखवतो, आणि दुकानदार म्हणतो की पेस्ट दरवर्षी बदलावीच लागते. तुम्ही विचारलंय, यात तथ्य किती? तुमची पेस्ट बहुधा कामातून गेली आहे, इथपर्यंत तो बरोबर आहे. ‘दरवर्षी’ मात्र मला पटत नाही.

माझ्या बहिणीचा डेस्कटॉप मी सात वर्षांनी उघडला होता. पेस्ट जुन्या चुन्यासारखी कोरडी, नखाने खरवडली की भुगा पडायचा. नवी लावल्यावर तापमान उतरलं जेमतेम ३ अंशांनी. माझा स्वतःचा लॅपटॉप मात्र दीड वर्षातच ९८ अंशांवर जायला लागला. उघडून पाहतो तर पेस्ट लोण्यासारखी मऊ, पण चिपच्या मधोमध जवळजवळ नाहीच. सगळी कडेला जमलेली. तिथे नव्या पेस्टने १७ अंशांचा फरक पडला. कोरडी पेस्ट काम करत होती आणि ओली निकामी झाली होती. तेव्हापासून ‘वाळली का?’ हा प्रश्न मी पहिला विचारत नाही.

पेस्ट म्हणजे तेलात, बहुतेकदा सिलिकॉन तेलात, कालवलेली झिंक ऑक्साइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखी बारीक पूड. चिप आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्यातल्या सूक्ष्म फटींमधली हवा हटवणं एवढंच तिचं काम. हवेची उष्णतावाहकता (वॉट प्रति मीटर-केल्विनमध्ये) सुमारे ०.०२६, पेस्टची साधारण १ ते ५ असते. त्यामुळे जिथून पेस्ट सरकते आणि हवा शिरते, तिथे वाट जवळपास बंदच होते.

काळानुसार दोन गोष्टी घडतात. एक, तेल हळूहळू पुडीपासून वेगळं होऊन कडेने झिरपतं. हे संथ असतं आणि डेस्कटॉपमध्ये फारसं जाणवत नाही. दुसरी गोष्ट लॅपटॉपचा खरा शत्रू आहे. लॅपटॉपमध्ये चिप उघडी असते, वर धातूचं झाकण नसतं; हीटसिंकचा तांब्याचा पत्रा थेट चिपच्या सिलिकॉनवर बसतो (हे तेलातल्या सिलिकॉनपेक्षा वेगळं). एका अंशाने तापलं की सिलिकॉन दशलक्षात साधारण २.६ भाग पसरतं, तांबं १७ भाग. गेम सुरू केला की दोन्ही तापतात, बंद केला की निवतात, आणि दर वेळी त्यांच्यातली फट किंचित बदलते. दाबाने पेस्ट बाहेर ढकलली जाते, ती पूर्ण परत येत नाही. असं शेकडो वेळा झालं की मधला भाग उघडा पडतो. डेस्कटॉपमध्ये प्रोसेसरचं झाकण आणि कूलरचा तळ दोन्ही बहुतेक तांब्याचेच असतात आणि उष्णताही मोठ्या पृष्ठभागावर पसरलेली असते. म्हणून तिथली पेस्ट वर्षानुवर्षं तग धरते. पेस्टचं वय कॅलेंडरपेक्षा या तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत मोजा.

उघडण्याआधी खात्री करून घ्या. एचडब्ल्यू-इन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर सुरू ठेवून प्रोसेसरवर पूर्ण भार टाका. एक-दोन सेकंदांत तापमान चाळिशीतून नव्वदीपार उडालं आणि बाहेर येणारी हवा मात्र कोमटच असेल, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोचत नाहीये. मग दोष पेस्टचा, सैल स्क्रूचा किंवा क्वचित हीटपाइपचा (चिपची उष्णता फॅनकडे नेणाऱ्या नळीचा). दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चढत गेलं तर पुन्हा जाळी आणि फॅन बघा. फुंकर मारून हीटसिंकच्या पातळ पत्र्यांमध्ये, म्हणजे फिन्समध्ये, अडकलेला धुळीचा नमदा निघत नाही. समान भार असताना प्रोसेसरमधला एखादा कोर (स्वतंत्र काम करणारा भाग) शेजाऱ्यापेक्षा १५ अंशांनी गरम दिसला, तर पेस्ट असमान झाल्याची ती चांगली खूण. आणि आकड्यासोबत खोलीचं तापमान लिहाच. जानेवारीतल्या २४ अंशांच्या खोलीतला आकडा मे महिन्यातल्या ३८ अंशांच्या खोलीशी ताडून पेस्टला दोष देणारे मी बरेच पाहिले आहेत.

बदलायचीच ठरली, तर उघड्या चिपसाठी घट्ट पेस्ट घ्या. पातळ पेस्ट पहिल्या आठवड्यात सुंदर आकडे देते आणि लवकर सरकते. मी स्वतः आता हनीवेलची पीटीएम७९५० ही शीट वापरतो. ती थंड असताना घट्ट असते, साधारण ४५ अंशांना मऊ होऊन फटी भरते, आणि सरकण्याचं प्रमाण खूप कमी. पेस्टऐवजी काहीजण लावतात त्या द्रव धातूच्या वाटेला पहिल्या प्रयत्नात जाऊ नका: तो वीजवाहक असतो, आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम पोखरतं.

आधी बॅटरीची पिन काढा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हीटसिंकवर स्क्रूंजवळ बहुतेकदा १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमाने थोडे थोडे आवळा. ग्राफिक्स मेमरीवरचे पॅड (उष्णता वाहून नेणारे मऊ तुकडे) फाटले तर त्याच जाडीचे नवे लावा. तिथली फट मोठी असते, पेस्टने भरत नाही.

काम झाल्यावर तीच चाचणी त्याच दिवशी, पंधरा दिवसांनी आणि तीन महिन्यांनी करून खोलीच्या तापमानासह लिहून ठेवा. तीन महिन्यांत आकडा पुन्हा दहा अंशांनी चढला, तर पेस्टची आणखी एक ट्यूब आणण्याआधी हीटसिंकचा दाब तपासा. बहुतेक वेळा पत्रा एका कोपऱ्यात उचललेला सापडतो.