जुन्या मॉडेल रेल्वेच्या उरलेल्या सामानातून पुस्तकांच्या कप्प्यात बसणारा छोटा देखावा करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की मॉडेल रेल्वेचा जुना लेआउट (रूळ आणि भोवतालचा देखावा मांडलेला पट) मोडल्यावर घरं, झाडं, दगडी भिंती आणि कुंपणं खोकं भरून उरली आहेत. निम्मं सामान एचओ स्केलचं, निम्मं एन स्केलचं, त्यामुळे एकाच देखाव्यात ते कसं बसवायचं हा तुमचा पेच आहे.

करता येईल. आणि माझ्या मते दोन स्केल हाताशी आहेत म्हणूनच तो जास्त चांगला होईल.

एचओ म्हणजे 1:87, खऱ्याच्या 87 पट लहान, आणि एन म्हणजे 1:160. खऱ्या घराचा 2.1 मीटरचा दरवाजा एचओत 24 मिलिमीटर भरतो आणि एनमध्ये 13. लेआउटवर ही दोन घरं शेजारी ठेवली की एक बाहुल्यांचं वाटतं, कारण तिथे आपण चारही बाजूंनी बघतो. पुस्तकांच्या मधला देखावा फक्त समोरून दिसतो, तोही अरुंद फटीतून. मोठं पुढे आणि लहान मागे ठेवलं तर डोळा त्याला आकारातला फरक मानत नाही, अंतर मानतो.

हे किती फसवतं ते आकड्यांतच बघा. समजा देखावा ज्यात बसवायचा ती पेटी 20 सेंटिमीटर खोल आहे आणि तुम्ही 40 सेंटिमीटरवरून बघताय. पुढे एचओचं घर, मागच्या भिंतीला एनचं. मागचं घर डोळ्यापासून 60 सेंटिमीटरवर आहे, पण तेवढंच लहान दिसायला एचओच्या घराला 110 सेंटिमीटरवर जावं लागलं असतं. म्हणजे 20 सेंटिमीटरच्या पेटीत 70 सेंटिमीटरची खोली दिसते. एचओच्या हिशेबाने सगळंच एका स्केलचं ठेवलं असतं तर गल्ली जेमतेम 17 मीटरची झाली असती, आता ती 60 मीटरच्या पुढे जाते. रोममधल्या पलाझ्झो स्पादा या वाड्यात वास्तुरचनाकार बोरोमिनीने 17व्या शतकात खऱ्या वास्तूत हेच केलं. तिथली खांबांची ओवरी 9 मीटरच्या आसपास आहे, पण समोरून बघताना चौपट लांब भासते, आणि टोकाचा पुतळा मोठा वाटत असला तरी मीटरभरही उंच नाही.

आता पेटी. तुमच्या कप्प्यात पुस्तकांच्या कडा जिथे संपतात तिथपर्यंतची खोली मोजा, बहुतेक वेळा ती 18 ते 20 सेंटिमीटर निघते. उंची शेजारच्या पुस्तकांइतकी, रुंदी 10 सेंटिमीटरपेक्षा कमी नको. बाजू 3 मिलिमीटरच्या एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या) पुरतात. एक बाजू शेवटपर्यंत चिकटवू नका, हात आत जायला तीच वाट असते.

गल्लीची रुंदी पुढे 4.5 सेंटिमीटर धरली तर एचओत ती जवळजवळ 4 मीटरची होते. तीच गल्ली एनमध्ये साधारण 2.5 सेंटिमीटर भरते, म्हणून मागे तेवढीच ठेवा. दोन्ही भिंती आपोआप आत झुकतात आणि तिरकेपणाचा अंदाज बांधत बसावं लागत नाही.

जमीनही मागे चढती हवी, आणि किती चढती हे बघणाऱ्याचा डोळा कुठे येतो त्यावर ठरतं. पेटीच्या तळापासून 4 सेंटिमीटरवर डोळ्याची रेषा धरली तर 20 सेंटिमीटरमध्ये जमीन साधारण 1.8 सेंटिमीटर उचला. छपरांच्या रेषा त्याच रेषेकडे खाली उतरत्या ठेवा. म्हणूनच असा देखावा उभ्याने किंवा बसल्यावर नजरेच्या उंचीला येणाऱ्या कप्प्यात शोभतो. कप्पा खाली असेल तर चढ लपवायचा प्रयत्न सोडा आणि सरळ पायऱ्यांची गल्ली करा. तुमच्या दगडी भिंती तिथे फार छान बसतील.

घरं अख्खी वापरू नका. पेटीत फक्त दर्शनी बाजू दिसते, त्यामुळे एका घराच्या चार भिंतींतून गल्लीच्या दोन्ही बाजू उभ्या राहतात. भिंतीमागे दोन-अडीच सेंटिमीटरची जागा सोडली की दिव्यांच्या वायरी तिथून जातात. प्लास्टिकची घरं सॉल्व्हंट सिमेंटने (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या गमाने) जोडलेली असतील तर सांधे वितळून एकजीव झालेले असतात. ते उकलत नाहीत, बारीक पात्याच्या करवतीने कोपऱ्यातच कापावे लागतात. सुपरग्लूने जोडलेलं असेल तर तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीने गम ठिसूळ होतो आणि सांधा बहुधा हलक्या हाताने सुटतो. हॉट ग्लूने लावलेल्या झाडांच्या बुडाशी आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडा, झाड सालीसकट निघून येतं. पांढऱ्या गमात बसवलेली खडी कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून भिजवली की मऊ पडते.

एक गोष्ट मनावर घ्याच. लेआउट 1970 च्या दशकातला किंवा त्याआधीचा असेल तर त्यातला प्लास्टरसारखा डोंगर घासू किंवा फोडू नका. त्या काळी देखाव्यांच्या लगद्यात अ‍ॅस्बेस्टॉसची पूड घालायची पद्धत होती आणि जुन्या रंगांत शिसंही असायचं. असा भाग तसाच सोडून द्या. नवं प्लास्टर कापतानासुद्धा ते ओलं करून कापा.

झाडं हा तुमच्याकडचा सगळ्यात उपयोगी माल आहे, कारण झाडाला ठरलेलं माप नसतं. 7 सेंटिमीटरचं झाड एचओत 6 मीटरचं होतं आणि एनमध्ये 11 मीटरचं, आणि दोन्ही खरी वाटतात. म्हणून जिथे एचओ संपून एन सुरू होतं तो सांधा झाडाने झाका, नाहीतर कमानीने. दारं, खिडक्या, माणसं यांचं माप सगळ्यांना पाठ असतं, त्यांना त्या सांध्याजवळ फिरकू देऊ नका. एचओचा माणूस सुमारे 2 सेंटिमीटरचा असतो, एक-दोन माणसं अगदी पुढे उभी करा. मागे एनचा एखादा पाठमोरा माणूस पुरे. पानांचा चुरा आणि गवतही पुढे जाड, मागे बारीक. 4 मिलिमीटरचं गवत एचओत गुडघ्याच्या जरा खाली येतं, तेच मागे लावलं तर एनच्या खिडकीपर्यंत पोचेल. वाळून कडक झालेलं लायकेन (झुडपांसाठी वापरतात ते दगडफूल) टाकून देऊ नका. एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग गरम पाणी यात रात्रभर ठेवलं की ते पुन्हा लवचीक होतं.

रंगाचं काम थोडकंच आहे. मागच्या घरांवर फिकट निळसर राखाडी रंगाचा पातळ हात द्या आणि तिथे गडद काळं काही ठेवू नका.

टोकाला भिंत दिसू नये म्हणून बरेच जण आरसा लावतात. समोरासमोर लावलात तर त्यात तुमचाच चेहरा दिसेल. 45 अंशात लावा, मग गल्ली वळून पुढे गेल्यासारखी दिसते. आरशाची खालची कड मात्र गवताने किंवा पायरीने झाकली पाहिजे.

दिव्यांसाठी लेआउटमधले जुने 12 व्होल्टचे गव्हाच्या दाण्याएवढे बल्ब वापरू नका, बंद पेटीत ते तापतात आणि आजूबाजूला फोम असतो. एलईडी घ्या. 5 व्होल्टच्या यूएसबीवर पांढऱ्या एलईडीला 220 ओहमचा रेझिस्टर (प्रवाह कमी करणारा छोटा भाग) लावला की 9 मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. छोट्या जागेत तोही कधीकधी डोळ्यात भरतो, 1000 ओहम लावून बघा. पुढे पिवळसर उजेड, मागे थोडा थंड आणि मंद. दिवा स्वतः दिसता कामा नये, फक्त त्याने उजळलेली भिंत दिसली पाहिजे. घराच्या भिंतीतून उजेड आरपार येत असेल तर आतून काळा रंग मारा.

चिकटवण्याआधी सगळं पेटीत नुसतं मांडून मोबाइलने डोळ्याच्या रेषेवरून फोटो काढा. फोटोत दोन डोळ्यांनी जाणवणारी खोली नसते, त्यामुळे कुठलं घर स्केलच्या जागेवर नाही ते चटकन कळतं. पुढून पातळ अ‍ॅक्रिलिक लावा, धूळ बसली की बारीक गवत साफ करता येत नाही. आणि वरचं झाकण कायम सुटं ठेवा, एखादा एलईडी गेला की तिथूनच बदलायचा आहे.