जीवाश्म प्रवाळ घरच्या ओव्हनमध्ये तापवून लाल करता येतो का?

पिवळसर इंडोनेशियन प्रवाळ सिलिकाचा (गारगोटीच्या द्रव्याचा) झालेला असेल, तरच हे शक्य आहे. व्हिनेगरच्या थेंबाने फेस आला, तर तो चुनखडीचा समजून नाद सोडावा. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला दगडातील गोएथाइट या पिवळ्या लोहखनिजातील पाणी निघून जाऊन हेमॅटाइट हे लाल लोहखनिज उरते; जिथे लोह नाही, तिथे रंग बदलत नाही. दगड वाळूत पुरून आधी १०० अंशांच्या आसपास काही तास वाळवावा (पावसाळ्यात तर अधिकच), मग तापमान सावकाश वाढवावे आणि ओव्हन न उघडता तो आतच निवू द्यावा, अन्यथा तडे जातात. पहिला प्रयोग मात्र आपल्याकडच्या बेसाल्टमध्ये मिळणाऱ्या साध्या अकीकाच्या तुकड्यावर करावा.