ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, आवाज बदलायचं पेडल नाही. फारसं नाव न झालेले कोणते रॉक वादक ऐकावेत?

भाऊ, पेडल नसेल तर आधी आयर्लंडचा रोरी गॅलाघर. १९६१ची स्ट्रॅटोकॅस्टर गिटार, व्हॉक्स एसी३० अॅम्प आणि एक ट्रेबल बूस्टर (वरचे सूर उचलणारी छोटी डबी), एवढ्यावर त्यानं मैदानं हलवली. 'आयरिश टूर ’७४' हा त्याचा अल्बम तालुक्याला रेंज मिळाली की उतरवून घ्या आणि ०.७५ वेगावर ऐका. त्याची स्लाइड (बोटात नळी घालून ती तारांवर सरकवणं) वाजवताना नळी गिटारच्या दांड्यावरच्या दोन पट्ट्यांच्या (फ्रेटच्या) मध्ये नाही, बरोबर पट्टीच्या वर धरायची, नाहीतर सूर उतरतो. दाबायचं नाही, फक्त टेकवायचं. दाबलं की तार पट्टीवर खडखडते. नळीच्या मागचं बोट तारांवर हलकं ठेवलं तर गुंजारव थांबतो. आपल्या भीमगीतांच्या कार्यक्रमात दोन अंतऱ्यांमधल्या जागेत हे छान बसतं.

अमेरिकेतल्या मेम्फिसचा बिग स्टार हा बँड गाण्याच्या बांधणीसाठी ऐका. १९७२चा पहिला अल्बम समीक्षकांनी उचलून धरला, पण वितरण बिघडल्यानं तो दुकानांत फारसा पोचलाच नाही. कापूस पांढराशुभ्र, पण जिनिंगपर्यंत गाडीच नाही, तसं.

अमेरिकेतल्याच डेट्रॉइटच्या डेथ या बँडवर मात्र खरा अन्याय झाला. तिघा कृष्णवर्णीय भावांचं १९७५चं ध्वनिमुद्रण अल्बम म्हणून २००९ मध्ये बाहेर आलं.