जुळलं की जुळवलं?

प्रश्न असा आहे: ‘प्रेमविवाह’ हा सुटसुटीत शब्द आपल्याकडे आहे, मग ‘अरेंज्ड मॅरेज’ला तसा मराठी शब्द का नाही? आणि एका कथेच्या अनुवादात ‘आजीआजोबांचा नियोजित विवाह होता, प्रेम नंतर झालं’ असं लिहिलंय, ते चालेल का?

आधी दुसऱ्या भागाचं उत्तर: ‘नियोजित विवाह’ नको. ‘नियोजित वधू’ म्हणजे जिचं लग्न ठरलंय, पण अजून लागायचंय ती. त्याच चालीनं नियोजित विवाह म्हणजे पुढे व्हायचा विवाह. वाचणाऱ्याला वाटायचं, आजीआजोबांचं लग्न ठरून मोडलं की काय!

‘ठरवून केलेलं लग्न’ सर्रास म्हणतात, बोलताना मीही म्हणते. लिहिताना मात्र ते मला खटकतं. मराठीत ‘-ऊन’ लागलेल्या क्रियेचा कर्ता सहसा मुख्य क्रियापदाचाच कर्ता असतो. ‘ती जेवून गेली’ म्हणजे जेवली ती आणि गेलीही तीच. मग ‘त्यांनी ठरवून लग्न केलं’ यात ठरवलं कुणी? व्याकरणानं पाहिलं तर त्या दोघांनीच. म्हणजे सांगायचं होतं त्याच्या नेमकं उलट झालं. शिवाय ‘ठरवून’ला ‘मुद्दाम’ची छटा आहे, ती वेगळीच.

आता मूळ प्रश्न. जे रूढ असतं त्याला विशेषण लागत नाही. मोबाइल हातात येईपर्यंत घरातल्या फोनला कोण लँडलाइन म्हणत होतं? लग्न घरच्यांनीच जमवायचं हे इतकं गृहीत होतं की नुसतं ‘लग्न’ म्हटलं तरी पुरायचं. वेगळं नाव हवं होतं ते प्रेमाच्या लग्नाला. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहाचे ८ प्रकार आहेत. त्यातला वधूवरांच्या परस्पर इच्छेनं होणारा गांधर्वविवाह मराठी माणसाला चटकन आठवतो. आर्ष, प्राजापत्य ही नावं सहसा कुणाच्या तोंडी येत नाहीत.

पण नाम नाही म्हणून मराठीला हा फरक सांगताच येत नाही, असं अजिबात नाही. आपण तो क्रियापदात सांगतो, आणि फार बारकाईनं सांगतो. लहानपणी घरात दोन तऱ्हेची वाक्यं कानावर पडायची. एकीचं ‘लग्न झालं’ आणि दुसरीनं ‘लग्न केलं’. दुसरं वाक्य जरा दबक्या आवाजात यायचं, आणि तिनं स्वतःच जमवलं हे कुणी न सांगताच कळायचं. ‘त्यांचं लग्न जमलंय’ आणि ‘त्यांचं जमलंय’ ही वाक्यंही शेजारी ठेवून पाहा. ‘लग्न’ हा शब्द गाळला की सरळ प्रेमप्रकरण!

याहून मला आवडतो तो ‘व’. जमणं-जमवणं, जुळणं-जुळवणं. हा प्रयोजकाचा ‘व’, बसणं-बसवणं मधलाच. तो आला की क्रियेमागे आणखी कुणीतरी उभं राहतं. मनं जुळतात, लग्न जुळवतात. काका, मावश्या, मध्यस्थ, सगळी माणसं त्या एका अक्षरात मावतात. (जाता जाता: ‘लग्न’ आणि ‘लागणं’ दोन्ही ‘लग्’ धातूचेच, तेव्हा ‘लग्न लागलं’ म्हणताना आपण एकच धातू दोनदा उच्चारतो.)

एक जपायला हवं. ‘लग्न लावून दिलं’ हा यावरचा पर्याय नाही. त्यात मुलीला विचारलं होतं की नाही, ही शंका राहते, आणि पुष्कळदा ती खरी असते. घरच्यांनी सुचवलं आणि दोघांनी मनापासून होकार दिला, ही गोष्ट निराळी. या दोन गोष्टींना अनुवादात एकच शब्द वापरणं म्हणजे त्या मुलीचा होकारच पुसून टाकणं, आणि तसं होऊ नये असं मला फार वाटतं.

तेव्हा नामच हवं असेल तर ‘जुळवलेलं लग्न’ घ्या. संवादात पात्र आजचं असेल तर ‘अरेंज मॅरेज’ही खुशाल लिहा, मधला ‘ड’ बोलताना गळतो, तो लिहितानाही गाळला तर पात्राचा आवाज खरा वाटेल. तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘आजीआजोबांचं लग्न घरच्यांनी जुळवलं होतं, प्रेम नंतर जुळलं.’