दाखला हातात देण्याआधी

प्रश्न : आमच्या हायस्कुलात नववीतली सात मुले सतत गैरहजर असतात, वर्गात भांडणे करतात. दाखला देऊन टाकावा, असे व्यवस्थापनाचे मत आहे. नोकरीची कौशल्ये शिकवून त्यांना थांबवता येईल का? – एक शिक्षिका, डिचोली

उत्तर : बाई, येईल. आठवीपर्यंत शिक्षणहक्क कायदा कुणालाही शाळेबाहेर काढू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनेही पाचवी-आठवीत नापास करण्याचीच मुभा दिली, काढून टाकण्याची नाही. नववीत हे कवच संपते, म्हणून तुम्ही आत्ता हालचाल करणे फार महत्त्वाचे.

आधी प्रत्येकाला एक छोटा मराठी आणि एक छोटा इंग्रजी उतारा एकट्याने, मोठ्याने वाचायला द्या. आपल्या गोव्यात घरी कोंकणी, चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून एकदम इंग्रजी, या उडीत अनेक मुले मागे पडतात आणि ते लपवायला दंगा करतात. ज्याला सूचना वाचता येत नाही, त्याला बायोडाटा लिहायला बसवले तर तो दुसऱ्या दिवशी येणारच नाही. बायोडाटा आणि मुलाखत सर्वांत शेवटी घ्या.

कौशल्यांचा वर्ग आठवड्यातून दोन तास, दहा आठवडे, सातही जण एकत्र. खेळाच्या तासाला हे ठेवू नका, त्यांना ती शिक्षा वाटेल. पहिले दोन आठवडे फक्त वेळेवर येणे, उशीर होणार असेल तर फोन करून कळवणे आणि तोंडी सांगितलेली तीन पायऱ्यांची सूचना परत म्हणून दाखवून मगच कामाला लागणे. मालक पहिल्या आठवड्यात हेच बघतो.

मग एक खरे काम द्या. शाळेच्या क्रीडादिनी कोकम सरबताचा स्टॉल चांगला. दहा लिटर सरबताचे २०० मिलीचे पन्नास ग्लास होतात; पण सांडणे, चाखणे धरून हिशेब पंचेचाळीसचाच करायला लावा. कोकम, साखर, बर्फ, ग्लास मिळून खर्च ४५० रुपये आला, तर ग्लास दहा रुपयांना पडला. विकायचा कितीला, ते त्यांनी ठरवावे. खरेदी, बनवणे, गल्ला, स्वच्छता ही कामे आधीच्या सरावात आळीपाळीने सर्वांना द्या; नाहीतर चलाख मुलगा गल्ल्यावर आणि लाजरा कायम भांडी धुताना दिसतो. गल्ला मोजताना दोघे हवेत. पैसे कमी भरले तर चोरीचा संशय घेण्याआधी सुटे पैसे देण्यात चूक झाली का, ते विक्रीच्या चिठ्ठ्यांवरून तपासा.

बहुतेक शाळांत हा उपक्रम एकाच कारणाने बुडतो : गणिताच्या तासाला दंगा केला म्हणून मुलाला या तासातून काढतात. ज्या एका गोष्टीसाठी तो शाळेत येतो, तीच गेली. त्या दंग्याची शिक्षा त्या वर्गातच होऊ द्या.

प्रत्येक तासानंतर वहीत चार नोंदी करा : वेळेवर आला का, काम पुरे केले का, मदत मागितली का, राग आला तेव्हा काय केले. ‘वर्तन सुधारले’ असे लिहू नका. ‘ग्राहक ओरडला, तरी पैसे नीट परत दिले’ असे लिहा. व्यवस्थापनाच्या बैठकीत हीच वही पुढे ठेवा. तरीही कुणाला नववीत राहायचेच नसेल, तर आठवी पासवर आयटीआयत वेल्डर, वायरमनसारखे ट्रेड आहेत आणि दहावी एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून देता येते. तिथला प्रवेश पक्का होईपर्यंत त्याचे नाव पटावरून काढू नका.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा आहे. किनाऱ्यावरच्या हॉटेलात रात्री अकरापर्यंत काम करतो, सकाळी शाळेसाठी उठत नाही. काम बंद करायला लावू? – एक आई, बार्देश

उत्तर : ताई, रात्रीचे काम आजच बंद करा. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलाला संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत कामाला लावायला कायद्याने बंदी आहे. दिवसासुद्धा सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, मग एक तास विश्रांती, आणि विश्रांती धरून एकूण सहा तासच. ओव्हरटाइम नाही, आठवड्यातून एक सुट्टी हवीच. पण काम सरसकट तोडू नका. कमाईचा त्याला अभिमान असेल. फक्त रविवारी दिवसा येईल, असे मालकाशी तुम्ही स्वतः बोला आणि तो तिथे काय शिकतो, ते वर्गशिक्षकांना सांगा. मालक ऐकत नसेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा.