गारगोटीतले पिवळे कण

प्रश्न : सावंतवाडीजवळ विहीर खणताना जांभ्याखालच्या दगडात गारगोटीची पांढरी शीर लागली. तिच्यात पिवळे चमकते कण आहेत. सोनं असेल का?

उत्तर : बहुधा पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचं खनिज. जमिनीत खोलवर २०० ते ४०० अंश सेल्सिअसचं पाणी सिलिका, म्हणजे गारगोटीचंच द्रव्य, विरघळवत भेगांतून वर चढतं; दाब नि तापमान उतरलं की गारगोटी साचते. पाण्यातलं गंधक कडेच्या खडकातल्या लोहाला भेटलं की पायराइट बनतं. सोनंही त्याच गंधकाच्या आधारानं विरघळलेलं असतं. आधार सुटला की तेही तिथंच बसतं. म्हणून खात्री कराच. टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर कण घासा : पायराइटची रेघ हिरवट काळी, सोन्याची पिवळीच. सुईनं पापुद्रे सुटले तर अभ्रक. भाजून मात्र पाहू नका, गंधकाचा विषारी धूर निघतो.