केवळ चित्रकलेवर टिकाऊ व्यवसाय उभा करता येतो का?

कला महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर नोकरी न करता केवळ चित्रकलेवर घर चालवता येईल का, आणि साठवलेले पैसे पहिल्या एकल प्रदर्शनात घालावेत का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात मुखपृष्ठे, बालपुस्तकांतील चित्रे आणि मागणीनुसार व्यक्तिचित्रे करून उदरनिर्वाह करतो. पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे आणि दुसऱ्याला, निदान सध्यापुरते, नकारार्थी.

मुंबईत १९५२ साली उभ्या राहिलेल्या जहांगीर कलादालनात आपली चित्रे लागावीत, अशी इच्छा आपल्याकडच्या बहुतेक चित्रकारांना असते आणि तीत गैर काही नाही. परंतु तेथील प्रतीक्षायादी काही वर्षांची असते, दालन मिळते ते आठवड्यापुरते, आणि भाडे, फ्रेमिंग, टेम्पो, निमंत्रणपत्रिका, मुंबईतला मुक्काम हा सारा खर्च एकही चित्र विकले जाण्याआधीच होऊन बसतो. खासगी गॅलरी भाडे घेत नसली तरी विक्रीच्या रकमेतला तिसरा हिस्सा, कधी निम्मी रक्कमही ठेवून घेते. प्रदर्शन नावासाठी अवश्य करावे. घरचा किराणा मात्र त्यावर सोडू नये.

व्यवसाय टिकतो तो एकाच चित्रातून एकापेक्षा अधिक वेळा पैसे येत राहिले तर. मूळ गोव्याच्या दीनानाथ दलालांनी मुखपृष्ठांचे ढीगभर काम केलेच, शिवाय १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा वार्षिक अंक स्वतः सुरू केला आणि त्यांची चित्रे गॅलरीची वाट न पाहता घरोघरी पोचली. याउलट राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला छापखाना त्यांना पेलला नाही आणि काही वर्षांतच तो एका जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. म्हणून माझे मत असे की, हक्क आपल्याकडे ठेवावेत, यंत्रे दुसऱ्याची वापरावीत. महागडा प्रिंटर घेण्याच्या फंदात पडू नये. उत्तम कागदावर छापून देणाऱ्याकडून मर्यादित प्रती काढून घ्याव्यात, प्रत्येक प्रतीखाली पेन्सिलीने डावीकडे क्रमांक व उजवीकडे सही करावी, आणि ठरलेली संख्या पूर्ण झाली की ती पुन्हा छापू नये.

आता हक्कांविषयी, कारण आपले बहुतेक चित्रकार नाडले जातात ते येथेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कोणी मोबदला देऊन आपल्याकडून चित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतले आणि वेगळा करार केलेला नसला, तर त्याचा पहिला हक्कधारक काढून घेणारा ठरतो, चित्रकार नव्हे. तेव्हा दराच्या पत्रकावरच लिहावे: ‘मुखपृष्ठचित्र, वापर फक्त मराठी छापील पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीसाठी, अन्य भाषा, ई-पुस्तक, पोस्टर, दिनदर्शिका यांसाठी वेगळे मानधन, मूळ चित्र व कॉपीराइट चित्रकाराकडे.’ या मजकुराखाली दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्याखेरीज पक्क्या चित्राला हात घालू नये. हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. पण अशा गृहीतकांच्या भरवशावर राहण्यापेक्षा दोन ओळी लिहिणे सोपे. चांगल्या प्रकाशकाला याचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडून मानधन वसूल करतानाही बहुधा त्रासच होतो.

वसुलीचेही सांगतो. कच्च्या आराखड्याआधी निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि बदल किती वेळा करून देणार ते आधीच सांगावे, नाहीतर ‘जरा नाक सरळ करा’ म्हणत व्यक्तिचित्र महिनोन्‌महिने घरी पडून राहते. ‘उद्यम’ ही लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी आधार व पॅनवर मोफत होते, ती करून ठेवावी. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे काम करून घेणाऱ्याला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसला तर १५ दिवसांत चुकते करावे लागते. उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज लागते. बिलाच्या तळाशी नोंदणी क्रमांक दिसला की पुष्कळ कंपन्यांचा लेखा विभाग आपण होऊन हलतो.

या धंद्याला हंगाम असतो, हेही धरून चालावे. दिवाळी अंकांची कामे पावसाळ्यात येतात, दिनदर्शिकांची त्याच सुमारास किंवा थोडी नंतर, आणि दिवाळीनंतर बराच काळ फोन थंड असतो. त्या थंड काळात मी व्यक्तिचित्रांची कामे घेतो आणि एप्रिल-मे महिन्यांत मुलांच्या सुट्टीतल्या कार्यशाळा; त्यांचे शुल्क पालक आगाऊ भरत असल्यामुळे जूनमधला कागद आणि रंग त्यातून निघतात.